उंबरठ्यावरच्या १०२ ओळी

रविवार, १० ऑगस्ट. रात्रीचे साडेअकरा.

वर्ग सुरू व्हायला पंधरा दिवस उरलेत आणि वाचनाची यादी अजून कोरी. कोरी कसली, खोडून खोडून काळी झालीय. लॅटिनच्या वरच्या वर्गाला यंदा सात मुलं. (आमच्याकडे सात म्हणजे भरलेला वर्ग.) चौदा आठवडे, आठवड्याला दोन तास. परीक्षा आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी वजा केली की उरतात चोवीस. तासाला पस्तीस ओळी, त्याही मुलं रात्री कोश घेऊन बसली तर. सगळे मिळून ८४०. रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनिअड' या महाकाव्याचा एकटा चौथा सर्ग ७०५ ओळींचा आहे. त्यातल्या डायडो राणीला घरात घेतलं की बाकी कुणाला पाय ठेवायला जागा नाही.

म्हणून आज छातीवर दगड ठेवून व्हर्जिल काढला. मुलं शाळेत थोडाफार वाचून आलीत, अशी स्वतःची समजूत घातली. पटली नाही, पण काढला.

कवी कॅटलस राहणार. 'ओडि एत आमो' ('द्वेष करतो आणि प्रेम करतो') या त्याच्या दोन ओळींत चौदा शब्द, त्यातली आठ क्रियापदं, आणि विशेषण एकही नाही. तेवढ्यावर आख्खा तास जातो, दरवर्षी जातो. त्याला जोडून वक्ता सिसेरोचं, कायलियस या आरोपी तरुणाच्या बचावाचं भाषण, इ.स.पू. ५६ मधलं. कॅटलस जिच्यासाठी झुरला ती लेस्बिया म्हणजेच या भाषणातली क्लोडिया, असं बहुतेक अभ्यासक मानतात. एकाच बाईवर प्रेमकविताही आणि भर कोर्टात चिखलफेकही. ती स्वतः काय म्हणाली असती, हे मुलं विचारतातच. तिचा एक शब्द उरलेला नाही. म्हणून यंदा कवयित्री सुल्पिसिया घेतेय. सहा छोट्या कविता, मिळून ४० ओळी. रोमन बाईच्या हातच्या म्हणून उरलेल्या कविता जवळपास एवढ्याच. अवघड आहेत, वाक्यं वेलीसारखी गुंतलेली. शिवाय लॅटिनच्या पंचमीचा घोळ आहेच: आपल्या तृतीया, पंचमी, सप्तमी तिघींनी तिथे एकाच खोलीत संसार थाटलाय. संस्कृत शिकलेल्याला हे एका वाक्यात कळतं. इथल्या मुलांना समजवायला मला फळा भरावा लागतो.

खरा घोळ कवी ओव्हिडचा. नेहमी त्याच्या 'मेटॅमॉर्फसिस'मधली, झाड होऊन जाणारी डॅफ्नी शिकवते. या वेळी हात 'त्रिस्तिआ'कडे, त्याच्या हद्दपारीतल्या कवितांकडे गेला. इ.स. ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला हद्दपार करून काळ्या समुद्राकाठी टोमिसला धाडलं, आजच्या रुमानियात. कारण काय, तर एक कविता आणि एक चूक, असं तोच सांगतो. चूक कोणती, ते शेवटपर्यंत सांगत नाही. पहिल्या पुस्तकातल्या तिसऱ्या कवितेत रोममधली शेवटची रात्र आहे. १०२ ओळी, म्हणजे तीन तास. बायको रडतेय, मुलगी दूर आफ्रिकेत, तिला पत्ताही नाही. बरोबर कुठले कपडे घ्यायचे तेही सुचलेलं नाही. तीनदा उंबरठ्याला पाय लागतो, तीनदा माघारी येतो. 'वाले', म्हणजे निरोपाचा शब्द, म्हणून झाल्यावर पुन्हा बोलत बसतो.

मागे एकदा ही कविता वाचताना एक मुलगा म्हणाला होता, जायचंय तर जा ना, एवढं नाटक कशाला. मला हसू आलं. आमच्या घरी 'जाते' म्हणायची सोय नव्हती, 'येते' म्हणायचं. निघताना कुणी शिंकलं तर पायातल्या चपला काढून पुन्हा बसायचं, घोटभर पाणी प्यायचं. मी इकडे यायला निघाले त्या दिवशी काका दोनदा शिंकले. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय आणि आम्ही सगळे गंभीर चेहऱ्याने पाणी पितोय.

इथेच शंका आली. ही यादी मुलांसाठी करतेय की माझ्यासाठी? कारण त्या पाठोपाठ पाचव्या पुस्तकातली ती कविताही लिहून टाकली होती, ज्यात ओव्हिड म्हणतो की मी लॅटिन विसरत चाललोय, आता गेटिक आणि सार्मेशियन या तिकडच्या भाषा बोलतो. (आणि हे सांगतो अस्सल लॅटिनमध्ये, तेही वृत्तात!) कालच भावाशी बोलताना मला 'कोयंडा' शब्द आठवेना. 'ते कडीचं असतं ना, ते' असं म्हणत बसले. तो खो खो हसला.

तर पाचवं पुस्तक खोडलं. उंबरठा ठेवला, दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात. सुल्पिसियाच्या टिपा उद्या स्वतः टाइप कराव्या लागणार. डॅफ्नीचं अजून ठरत नाही.