मार्कांची वही

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक ताई आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच पर्समधून वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. गणिताच्या शिक्षिका आहेत. वहीत पट्टीनं आखलेले रकाने, तारीख, पद्धत, किती मिनिटं केली, आणि शेवटी लाल पेनानं दहापैकी मार्क. पद्धत म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यातून बाहेर यायची पद्धत. यूट्यूबवरून, इन्स्टावरून, मावसबहिणीच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून जे जे मिळालं ते सगळं सात आठवडे करून बघितलं होतं आणि पेपर तपासावा तसं तपासलं होतं. नागपुरात धंतोलीत मी चौदा वर्षं समुपदेशन करतेय, असं कधी पाहिलं नव्हतं, आणि ती वही डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल ते सगळं बदललंय.

झालं काय होतं ते नागपूरकरांना फार सांगायला नको. संक्रांतीच्या चार दिवस आधी, संध्याकाळी, उड्डाणपुलावरून अ‍ॅक्टिव्हावर घरी येत होत्या, मागे नऊ वर्षांचा मुलगा. नायलॉन मांजा गळ्यात अडकला. अकरा टाके, श्वासनलिका वाचली, डाव्या हाताची दोन बोटं कापली कारण मांजा हातानं ओढून काढायला गेल्या. राष्ट्रीय हरित लवादानं या मांजावर २०१७ मध्ये बंदी घातलीय, आणि तरी दरवर्षी डिसेंबर लागला की चक्र्या भरभरून विकल्या जातात, आणि घेऊन देणारे कोण तर आईबापच. मला याचा मनापासून राग येतो. गच्चीवर "ओ काट" ओरडणाऱ्या पोराला खाली पुलावर काय होतंय ते दिसत नाही, पण पैसे देणाऱ्याला तर कळतं ना.

आता मला खुपतंय ते. जानेवारीतच त्यांच्या मिस्टरांचा फोन आला होता, घटनेला दोन आठवडे झाले होते. "झोपत नाही जी मॅडम, दचकते, आजच घेऊन येऊ का?" मी म्हटलं थोडं थांबा. आमच्याकडे शिकवतातही तसंच, पहिल्या महिन्यात बहुतेकांचं आपलं आपणच निवत जातं, आणि लगेच एका बैठकीत सगळं वदवून घेतल्यानं फायदा होत नाही, काहींचं उलट बिघडतं. नियमाप्रमाणे मी बरोबर होते. पण त्या थांबण्याच्या काळात काय करायचं ते मी दोन वाक्यांत उरकलं, दिनक्रम सांभाळा, माणसांत राहा, आणि फोन ठेवला. ती रिकामी जागा यूट्यूबनं भरली. शिवाय ओळखीच्या एका डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ मध्येच सांगितलंय की धक्क्यानंतर पहिल्या महिन्यात बेन्झो गटातल्या गोळ्या नकोत, तरी आपल्याकडे सर्रास देतात.

वहीकडे वळते. भ्रामरीला आठ मार्क. चार-सात-आठच्या श्वासाला, म्हणजे चार मोजत घ्यायचा, सात मोजत रोखायचा, आठ मोजत सोडायचा, त्याला दोन. ताई विचारत होत्या, सगळे याचंच कौतुक करतात मग मलाच का जमत नाही. मी विचारलं सात मोजेपर्यंत श्वास रोखता तेव्हा कुठे काय होतं, तर त्यांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. रोखलेला श्वास म्हणजे आवळलेला गळा. श्वास रोखायची गरजच नसते, सावकाश आणि लांब सोडला तरी पुरतं, आणि भ्रामरीत नेमकं तेच होतं. हे त्यांनी माझ्याशिवाय शोधून काढलं होतं.

पाच गोष्टी बघा, चार गोष्टींना हात लावा, तीन आवाज ऐका, दोन वास, एक चव, हे पण होतं. तीन मार्क. का तर फेब्रुवारीत गच्चीवर उभं राहून केलं आणि बघण्यातली पहिलीच गोष्ट निघाली विजेच्या तारेला लटकलेला फाटका पतंग आणि खाली लोंबणारा मांजा. आपल्याकडे होळीपर्यंत झाडांवर तारांवर हेच असतं. पद्धत चांगली आहे, मी स्वतः शिकवते, पण कुठे उभं राहून करायची हे व्हिडिओवाला सांगत नाही.

बोटांनी टकटक करायच्या टॅपिंगला सात. चेहऱ्यावरच्या ठराविक बिंदूंनीच फरक पडतो हे मला अजून पटलेलं नाही, पण टकटक करताना भीतीचं वाक्य मोठ्यानं बोलावं लागतं त्यानं पडत असावा, म्हणून मी कोणाला बंद करायला लावत नाही.

मग एक मोठा भोपळा. ईएमडीआर, म्हणजे आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे हलवायची उपचारपद्धत, तिचा व्हिडिओ. हेडफोन लावून रात्री स्क्रीनवर इकडून तिकडे पळणारा पांढरा ठिपका बघायचा. अर्ध्या तासात उलटी झाली, रात्रभर थरथरत बसल्या. इथे मी तळमळून सांगते, फ्रान्सिन शापिरो यांनी १९८९ मध्ये पहिल्यांदा मांडलेली ही उपचारपद्धत खोटी नाही, २०१३ च्या त्याच शिफारशींमध्ये तिचं नाव आहे. पण तिचे आठ टप्पे आहेत आणि डोळे हलवायचं काम चौथ्यात येतं. आधीच्या तीनात माणसाचा इतिहास घेतो, आठवण अंगावर आली तर परत कसं यायचं ते शिकवतो, कुठली आठवण घ्यायची ते ठरवतो. व्हिडिओ थेट चौथ्यापासून सुरू होतो. हे एकट्यानं करू नका.

झालेलं सगळं लिहून काढण्यालाही शून्य. आणि पुलाखालच्या रस्त्यानं चालत जाण्याला एक, शेरा "खूप रडले".

वही दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की मार्क एकाच गोष्टीला मिळालेत, किती लवकर शांत वाटलं. जे करताना त्रास झाला ते सगळं नापास. पण घाबरत का होईना पुलाखाली त्या जाऊन आल्या होत्या, वहीतलं सगळ्यात मोठं काम तेच आणि त्यालाच एक मार्क. मी म्हटलं ताई, आणखी एक रकाना आखा, गेल्या आठवड्यात करता येत नव्हतं असं आज काय करता आलं. त्यांनी तिथेच पट्टी मागितली.

लिहिलेलं मी वाचायला मागितलं. रात्री दोनला, एका बैठकीत, आठ पानं. लिहिण्याच्या फायद्यासाठी पेनीबेकर आणि बील या मानसशास्त्रज्ञांचा १९८६ चा जो अभ्यास लोक सांगतात त्यात रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस होतं, आणि लिहिणारी कॉलेजची धडधाकट मुलं होती. त्यातही नुसती घटना लिहून फारसं हाती लागलं नाही, घटना आणि मनातलं दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढे फायदा दिसला. ताईंच्या आठ पानांत मनातलं काही नव्हतं, एफआयआरसारखं होतं सगळं. आणि एक गोष्ट मला टोचली. "गाडी पडली. मग रिक्षात बसलो." तोंडी सांगतानाही दोन सेशन तसंच, गाडी पडली, मग रिक्षा.

तिसऱ्या सेशनला मी तिथे थांबवलं. गाडी पडली आणि?

बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता. मग म्हणाल्या, "मी पळाले. कठड्याकडे. तो गाडीखाली होता मॅडम, आई आई म्हणत होता आणि मी पळाले." कोणीतरी अनोळखी माणसानं गाडी उचलून पोराला काढलं. मुलाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

तुमची चूक नव्हती असं मी म्हटलं नाही, ते सगळेच म्हणतात आणि ते आत पोचत नाही. विचारलं, तेव्हा हात कुठे होते? "गळ्यावर. दोन्ही." रक्त? "येत होतं." मग शंभर किलोच्या वरची गाडी कुठल्या हातानं उचलणार होता? त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पटलं असं नाही, पण पहिल्यांदाच ते गणित त्यांनी मांडून बघितलं.

मी तेव्हापासून विचार करतेय, भ्रामरी, टॅपिंग, ठिपका, यातलं काय तिथपर्यंत पोचलं असतं? छातीची धडधड या गोष्टींनी नक्की बसते, आणि काटोल-उमरेडहून एसटीनं येणाऱ्या बाईला दर आठवड्याला माझ्याकडे येणं परवडत नाही, तिला मी यातलंच शिकवते आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देते, फुकट आहे. पण "मी पोराला सोडून पळाले" हे ज्याचं त्याला एकट्याला वहीतही लिहिता आलं नाही. आणि जानेवारीतच आणखी दहा मिनिटं फोनवर थांबले असते तर ते सात आठवडे आत कुजलं नसतं का, की तेव्हा विचारलं असतं तर त्या परत आल्याच नसत्या? दोन्ही बाजूंनी विचार करते, उत्तर येत नाही.

आता मे आहे. धक्क्याची लक्षणं मोजायला वीस प्रश्नांची जी तपासणी आम्ही करतो तिचा आकडा ४६ वरून २७ वर आलाय, कमी तितकं बरं. पुलावरून गाडी नेली, एकदा मिस्टरांच्या मागे बसून, एकदा स्वतः. गळ्याचं मात्र अडलंय. दिवसभर गळा झाकून ठेवायच्या, तो उघडा ठेवायचा सराव आम्ही एप्रिलमध्ये धरला आणि नेमकं ऊन तापलं. या उन्हात अख्खं नागपूर तोंडाला गळ्याला दुपट्टा गुंडाळून फिरतं, त्यांचा दुपट्टा उन्हासाठी की भीतीसाठी हे मला कळत नाही, त्यांनाही कळत नाही. म्हणून ठरवलंय, आत आलं की काढायचा. गेल्या बुधवारी कूलरसमोर बसून बारा मिनिटांनी काढला, घडी करून मांडीवर ठेवला आणि नव्या रकान्यात "१२" लिहिलं, लाल नाही, निळ्या पेनानं. मुलाशी त्या दहा सेकंदांबद्दल अजून बोलल्या नाहीत. त्याला काय आठवतं ते विचारायची भीती वाटते म्हणाल्या.