भागांसोबत काम शिकताय? आधी शेवटची पंधरा मिनिटं शिका

"एक मन म्हन्ते सांगून टाक, एक मन म्हन्ते गप बस." वऱ्हाडात हे वाक्य घराघरात ऐकू येतं, आणि भागांवर आधारलेला आघातोपचार, म्हणजे मनाच्या अशा वेगवेगळ्या बाजूंशी (भागांशी) बोलत जुन्या आघातावर काम करण्याची पद्धत, याच वाक्यापासून सुरू होते. त्यामुळे ती शिकायला सोपी वाटते. कल्पना लगेच पटते, शब्द ओळखीचे असतात आणि दोन दिवसांच्या ऑनलाइन कार्यशाळेनंतर प्रमाणपत्रही मिळतं. त्या प्रमाणपत्रावर एखाद्या बाईच्या बालपणीच्या अत्याचाराला हात घालायला बसलं की काय बिघडतं आणि ते बिघडू नये म्हणून नेमकं काय शिकावं लागतं, ते इथे लिहितो आहोत.

या पद्धतींपैकी सर्वांत परिचित म्हणजे इंटर्नल फॅमिली सिस्टम्स, आयएफएस. रिचर्ड श्वार्ट्झ या अमेरिकन कुटुंब-उपचारतज्ज्ञाने ती 1980च्या दशकात मांडायला सुरुवात केली. त्यात मनातले भाग तीन प्रकारचे मानतात. घर, इज्जत, रोजचं काम सांभाळून धरणारे मॅनेजर. दुखणं वर आलं की दारू, मारहाण, उपास, स्वतःला कापणं असं काहीही करून ती आग विझवायला धावणारे फायरफायटर. आणि ज्यांना आत कोंडून ठेवलंय ते एक्झाइल, बहुतेक वेळा लहान वयाचे. पहिले दोन राखणदार. भागांमागे माणसाचं जे शांत, न बिघडलेलं स्वत्व असतं, त्याला सेल्फ म्हणतात.

प्रशिक्षण लेव्हल 1, 2 आणि 3 अशा पायऱ्यांनी होतं. प्रमुख प्रशिक्षक शिकवतात, पण खरं शिकणं लहान गटांत होतं: एक जण थेरपिस्ट, एक क्लायंट, एक निरीक्षक आणि शेजारी एक अनुभवी सहायक. यात क्लायंट झालेली व्यक्ती स्वतःचाच खरा विषय आणते, नाटक करत नाही. लेव्हल 1 पूर्ण झालं म्हणजे सर्टिफाइड झालो असा गैरसमज सर्रास आहे. सर्टिफिकेशन ही त्यापुढची वेगळी प्रक्रिया आहे. तीत प्रत्यक्ष कामाचे तास, मान्य सल्लागारासोबतचं कन्सल्टेशन आणि रेकॉर्ड केलेल्या सत्राची तपासणी असते. प्रमाणपत्रही दोन प्रकारचं मिळतं. व्यावसायिक परवाना असलेल्यांना थेरपिस्टचं आणि इतरांना प्रॅक्टिशनरचं. फी भरण्याआधी तासांच्या आणि नूतनीकरणाच्या अटी संस्थेच्या चालू नियमावलीतून वाचून घ्या, कारण त्या बदलतात.

परदेशी प्रमाणपत्राने भारतात परवाना मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. या परिषदेच्या 1992च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणीशिवाय तशी प्रॅक्टिस करणं गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू झालेल्यांनी पाटीवर काय लिहायचं ते आधी ठरवावं. आशाताई, गावातले स्वयंसेवक यांना तर हे तंत्र शिकवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांचं काम कमी मोलाचं आहे म्हणून नव्हे. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' प्रकल्प चालला. तिथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांच्या भरवशावर, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 18 महिन्यांत 27.2 टक्क्यांवर गेलं. ओळखणं, ऐकणं, दवाखान्यापर्यंत नेणं या कामांची ताकद एवढी मोठी आहे. आघाताच्या आठवणी उघडणं ही त्यापुढची, वेगळी जबाबदारी आहे.

पुरावा किती आहे, हेही क्लायंटला सांगता आलं पाहिजे. आघातानंतरच्या ताणविकारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने 2013 साली आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागण्यावर काम करणारा उपचार) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारा उपचार) सुचवले. आयएफएसचा या विकारावरचा बहुचर्चित अभ्यास 17 प्रौढांचा आहे, प्रत्येकी 16 सत्रांचा. निकाल आशादायक होते, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पद्धत चांगली आहे, आम्हाला मनापासून आवडते, पण हिच्याशिवाय उपाय नाही असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडे शिकायला जाऊ नका.

आता शब्द. इंग्रजीत शिकलेलं पुस्तकी मराठीत आणलं की खोली थंड पडते. 'व्यवस्थापक', 'अग्निशामक', 'हद्दपार' हे शब्द वहीत राहू द्या. समोरच्या माणसासाठी 'सांभाळणारा', 'विझवणारा', 'कोंडलेला' पुरतात. त्याने स्वतः 'तो चिडका' किंवा 'ती भेदरलेली पोरगी' म्हटलं तर तेच नाव धरा. सेल्फला 'आत्मा' मुळीच म्हणू नका. एका घरात त्या शब्दाने बोलणं अध्यात्माकडे जातं आणि दुखणं बाजूला राहतं. दुसऱ्या घरात तो शब्दच चालत नाही. 1956च्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातल्या गावोगावी बौद्ध कुटुंबं आहेत आणि आत्मा न मानणं हा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. 'तुम्ही स्वतः', 'शांत असता तेव्हाचे तुम्ही' एवढं साधं बोलणं दोन्ही घरांत चालतं. 'बर्डन'साठी, म्हणजे आघातापासून भाग वाहत आलेल्या भीती-लाजेसाठी, मात्र 'ओझं' हा शब्द इतका नेमका बसतो की समजावून सांगावंच लागत नाही.

राखणदारांशी बोलण्याच्या सहा पायऱ्या शिकवतात. भाग शोधा, त्यावर लक्ष ठेवा, त्याची ओळख वाढू द्या, त्याच्याबद्दल काय वाटतं ते विचारा, त्याच्याशी सलोखा करा, आणि त्याने हे काम सोडलं तर काय होईल अशी त्याला भीती वाटते ते विचारा. यातली चौथी पायरी म्हणजे सगळ्या पद्धतीची किल्ली, आणि नवशिके हमखास तीच ओलांडून जातात. समजा नवऱ्याचं पिणं सुरू झालं की कोपऱ्यात जाऊन गोठून बसणाऱ्या भागाबद्दल ताई बोलताहेत. तुम्ही विचारता, "ताई, त्या गोठणाऱ्या भागाबद्दल आत्ता तुमाले कसं वाट्टे?" उत्तर येतं, "रागच येते मले त्याचा. कामाचा नाही तो." हे ताईंचं स्वतःचं उत्तर नाही, दुसऱ्या एका भागाचं आहे. इथे पुढे सरकायचं नाही. त्या रागावलेल्या भागाला विचारायचं, थोडा बाजूला बसतोस का, नाहीतर आधी तुझंच ऐकतो. बाजूला झाला की तोच प्रश्न पुन्हा. "काऊन असा बसते तो, ते पाहावं वाट्टे" असं कुतूहल आलं की समजावं, आता ताई स्वतः आल्या. एका सत्रात हा प्रश्न चार-पाचदा विचारावा लागला तरी ते सत्र वाया गेलेलं नसतं.

घाई होते ती आपल्यातल्याच एका भागामुळे. बाई तीन तास एसटीने आली, पुन्हा येईल की नाही माहीत नाही, आजच काहीतरी मोकळं करून द्यावं असं आतून ढोसणारा थेरपिस्टचा सांभाळणारा भाग. प्रशिक्षणात स्वतःच्या भागांवर एवढा वेळ का घालवतात, ते इथे कळतं. मधला निरीक्षक याचसाठी हवा. थेरपिस्टचा आवाज कुठे चढला, 'पण' कधी आला, परवानगी न घेता कुठे पुढे गेला, एवढं त्याने लिहून ठेवावं. असे सरावगट एकाच तालुक्यातल्या लोकांचे करू नका. इथे सगळे एकमेकांच्या नात्यागोत्यातले, नाव न घेताही माणूस ओळखू येतो. वाशिमचा, चंद्रपूरचा, गोंदियाचा असा तिघांचा गट फोनवर बसवा. तासाभरात 35 मिनिटं काम, 10 मिनिटं क्लायंट झालेल्याने स्थिर होणं, 15 मिनिटं निरीक्षकाच्या नोंदी. नेटवर्क गेलं तर व्हिडिओ सोडा, साधा कॉल चालतो. सत्र रेकॉर्ड करायचं तर लेखी संमती घ्या आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका. गोपनीयतेचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017च्या कलम 23 मध्येच आहे.

भागांचं बोलणं सुरू करण्याआधी विलगतेची, म्हणजे भान किंवा आठवण तुटण्याची, चाचणी करा. 28 प्रश्नांची डीईएस ही प्रश्नावली त्यासाठी आहे. शंभरपैकी सरासरी 30च्या वर गेली तर नवशिक्याने थांबून अनुभवी व्यक्तीकडे पाठवावं. पण आपल्याकडे कागदाइतकंच महत्त्व एका प्रश्नाला आहे: "अंगात येतं का?" नवरात्रात, जत्रेत, सगळ्या गावाच्या देखत आणि परंपरेने येणारी देवी म्हणजे आजार नव्हे. आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही समाजमान्य धार्मिक प्रथेचा भाग असलेली अवस्था विकारात धरलेली नाही. मात्र ती अवेळी, नको असताना येत असेल, नंतर काहीच आठवत नसेल, तासन्‌तास हरवत असतील, तर मनोविकारतज्ज्ञ हवाच. अशा बाईला तुम्ही "तुमच्यातला एक भाग बोलतोय" म्हणालात आणि घरी तिने तेच सांगितलं, तर सासू त्याचा अर्थ 'लागीर' असा लावून तिला मांत्रिकाकडे नेऊ शकते. म्हणून पहिल्याच भेटीत घरच्यांसमोर सांगा: बाहेरचं कुणी आत आलेलं नाही, सगळ्यांच्याच मनाला अशा बाजू असतात, तुमच्याही.

समोर अठरा वर्षांखालची पोर असेल तर काहीही उघडण्याआधी सांगावं लागतं की लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती कळवणं बंधनकारक आहे. विश्वास टाकून बोलल्यावर हे सांगणं म्हणजे त्या पोरीच्या राखणदारांना पुन्हा खोटं पाडणं. आणि वय विचारा, घटना सुचवू नका. "तो भाग केवढा दिसतो?" हे ठीक. "काकाने केलं तेव्हाचा का?" हे कधीच नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती राखणदारांना डावलून कोंडलेल्या भागापर्यंत जाण्याची. सत्रात बाई रडते, हलकं वाटतं म्हणते, थेरपिस्टला समाधान वाटतं. उलटा मार बसतो त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी. गाफील सापडलेला विझवणारा भाग दुप्पट जोराने उठतो. शहरातल्या क्लायंटकडे पुढच्या मंगळवारची वेळ असते. इथे पेरणी किंवा वेचणी लागली की पुढची भेट महिनाभर लांबते, आणि घरात फवारणीच्या औषधाचा डबा आडव्यावर ठेवलेला असतो. प्रशिक्षणाच्या साहित्यात हा डबा नसतो. आपल्या यादीत तो पहिला हवा. आघाताच्या कामाआधी औषध घरात आहे का, कुठे आहे, किल्ली कुणाकडे राहील हे विचारून घरच्या एका माणसासोबत पक्कं करा. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते मनात घातले जात नाहीत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. जून-जुलैच्या पेरणीत आणि दिवाळीनंतरच्या वेचणीत कोंडलेल्या भागांना हात लावू नका, त्या दिवसांत राखणदारांशीच ओळख वाढवा.

तासाच्या सत्रातली शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा, मग समोर कितीही महत्त्वाचं चाललेलं असो. पहिली पाच मिनिटं उघडलेल्या भागासाठी: आज इथवरच, तुला विसरलेलो नाही, पुढच्या भेटीपर्यंत कुठे बसायला आवडेल? कुणी आजीची ओसरी सांगतं, कुणी गोठा. पुढची पाच राखणदारांसाठी: आज आम्ही जास्त पुढे गेलो का, रात्री तुला काय करावंसं वाटेल, त्याऐवजी काय चालेल? उरलेली पाच शरीरासाठी. पाय जमिनीवर, पाणी, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं, घरी जायची गाडी कितीची आणि सोबत कोण. डोळे अजून हरवलेले असतील तर एक गाडी सुटू द्या, पण तसं पाठवू नका.

ओझं उतरवण्याचा टप्पा येतो तेव्हा भाग ते कशाच्या हवाली करणार असं विचारतात: वारा, पाणी, माती, उजेड, अग्नी. निवड भागाचीच असते, आपण सुचवायचं नाही. तरी जळिताची घटना झालेल्या घरात प्रशिक्षणातली पाचही नावं घडाघडा वाचून दाखवू नयेत. आणि कुणी "विहिरीत टाकते" म्हणालं तर मान डोलावून पुढे जाऊ नका. ती विहीर कोणती, तिथे आधी कुणी गेलंय का, आणि ओझं टाकून भाग काठावर परत येतो की नाही, हे त्याच क्षणी विचारा.