तुम्ही विचारलंत म्हणून: फोटो असताना कारवीची वाळकी फांदी कशाला जपायची?

माझ्याकडची प्लांट प्रेस, म्हणजे झाडाच्या फांद्या दाबून वाळवायची चौकट, बघितली की कोणीतरी विचारतंच, अहो आता मोबाईलवर एवढे छान फोटो येतात, मग कारवी रद्दी पेपरात दाबून कपाटात ठेवायची कशाला?

कारवी हे सह्याद्रीतलं जांभळ्या फुलांचं झुडूप सात वर्षांनी फुलतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण बोरिवलीच्या नॅशनल पार्कात ती २०१६ ला फुलली आणि मग थेट २०२४ ला, म्हणजे आठ झाली ना! आणि सगळ्या सह्याद्रीत एकदमच फुलते असंही नाही, या डोंगरावर यंदा तर पलीकडच्यावर आणखी कधीतरी. एका उतारावरची झुडपं बरोबर उगवतात, बरोबर फुलतात आणि बी धरून बरोबरच मरतात, त्यामुळे जागेजागेचा हिशोब वेगळा. शंभर वर्षांपूर्वी तो हिशोब काय होता हे बघायचं तर मोबाईलचे फोटो कुठून आणणार, तिथे हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातली शीटच लागते, मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यात बीएसआयचं, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं.

शीट म्हणजे जाड कागदावर शिवलेली फांदी आणि खाली उजव्या कोपऱ्यात लेबल. खरा जीव त्या लेबलात. गाव, तारीख, उंची, कोणी गोळा केली, त्याने त्या नमुन्याला दिलेला नंबर. जांभळा रंग वाळल्यावर तपकिरी होतो म्हणून रंगसुद्धा तिथेच लिहायचा. मी एकदा एक जुनी शीट बघत होते, फांदी इतकी सुरेख की फुलांच्या कणसातल्या चिकट केसांवर बारीक धूळ अजून धरलेली, आणि लेबलवर नुसतं 'खंडाळा'. वर्षच नाही! फार वाईट वाटलं, कारण ते चार आकडे असते तर त्या घाटातला एक फुलोरा पक्का झाला असता.

कारवी फुलते ऑगस्ट-सप्टेंबरात, हवा ओली, ब्लॉटिंग पेपर रोज बदलावा लागतो, एक दिवस चुकला की बुरशी आणि फुलं गळून पडतात. पण नीट वाळली की पानावरचे केस, खोडावरचे खरबरीत फोड, परागकण, अगदी डीएनएसुद्धा पुढच्या माणसाला तपासता येतो. नीस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८३२ मध्ये हिला शास्त्रीय नावात कॅलोसस म्हटलं, म्हणजे घट्टे असलेली, ते खोडाला बोट लावलं की लगेच पटतं, फोटोत हात कसा लावणार?

आता मला मनापासून खटकतं ते सांगते. सगळे फुललेलीच कारवी गोळा करतात. मधल्या वर्षांत कोणी ढुंकून बघत नाही, म्हणून शीट नाही याचा अर्थ त्या वर्षी फुलली नाही की कोणी गेलंच नाही, हे कळायला मार्ग नाही. म्हणून मी रिकाम्या वर्षीही जाते. (परवानगी घेऊन हं, आणि कृपा करून फुलोऱ्यात हौस म्हणून फांद्या मोडू नका, बी धरायच्या आधी तोडलेल्या फांदीचं बी गेलंच.) मागच्या खेपेला नुसत्या पानांची एक फांदी आणली, चार दिवस पेपर बदलले, शिवली आणि लेबलवर गाव, तारीख टाकून खाली लिहिलं, 'उतारभर कारवी, कंबरेइतकी, फूल नाही, कळी नाही.'