पागात अडकलेला चिलखती मासा

मे महिन्याच्या अखेरीस चिपळूणजवळच्या एका वाडीतून फोन आला, की तळ्यात टाकलेल्या पागात असा मासा अडकला आहे की जाळे फाटले तरी तो सुटत नाही. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून बोलावणे माझ्याकडे आले. पोहोचलो तेव्हा हातभर लांबीचा तो मासा कातळावर पडलेला होता. "सर, ह्याला मासा म्हणायचा की खवल्या मांजर?" पागवाल्या काकांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. याच्याच नात्यातल्या, आपल्याकडच्या शिंगटी आणि शेंगाळा या मिशाळ माशांचे अंग गुळगुळीत असते. याच्या मात्र पाठीवर आणि कुशीवर हाडांच्या पट्ट्यांच्या रांगा होत्या आणि त्यांवर दातांसारखे बारीक काटे, त्यामुळे शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवताच खवणीवर घासल्यासारखे वाटले. ते खवले नव्हेत. कातडीतच तयार झालेले हाडांचे चिलखत आहे. तोंड खालच्या बाजूला, दगडाला चिकटून शेवाळ खरवडण्यासाठी चकतीसारखे पसरलेले. पाठीवरच्या उंच पराच्या पुढच्या कठीण काट्यामागे मी मऊ काड्या मोजल्या: बारा. दुकानदार ज्या हायपोस्टोमस नावाने हे मासे विकतात त्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, त्या सातच असतात, त्यामुळे हा टेरिगोप्लिक्थिस, मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा. पोटावरची काळी नक्षी पाहून जातही सांगता आली असती. पण दोन जातींच्या मधली नक्षीही आढळते, म्हणून नोंदवहीत मी प्रजातीवरच थांबलो.

पाण्याबाहेर तासभर होऊनही तो जिवंत होता, कारण हवा गिळून जठराच्या भिंतीतून प्राणवायू शोषण्याची सोय त्याला आहे. ते पाहून काकांनी त्याला पुन्हा तळ्यात सोडायला उचलले. जीव वाचवू पाहणाऱ्या माणसाला नको म्हणणे मला फार जड गेले. पण कोणीतरी घरच्या काचपेटीतून आणून सोडलेला हा मासा, पाऊस लागला की भरून वाहणाऱ्या तळ्यातून ओहोळाने थेट वाशिष्ठी नदीत जाणार होता.

मग आम्ही बांधावरून फिरलो. पाणी उतरल्यामुळे मातीत खाली उतरत गेलेली बिळे उघडी पडली होती. या माशांतले नर अशी बिळे खणून आत अंडी राखतात. एका बिळात काकांची काठी जवळजवळ पूर्ण आत गेली. नऊ बिळे मोजून झाल्यावर काका काही न बोलता घरी गेले आणि दुसरा, जाड दोऱ्याचा पाग घेऊन आले.