विंडोज, मॅक की लिनक्स? तुम्ही विचारलंत म्हणून

"घरी साधंच काम असतं. मग विंडोजच ठेवू, मॅक घेऊ की लिनक्स टाकून बघू?" नात्यातले, शेजारचे, ऑफिसातले, सगळे मला हे विचारतात. (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम.) १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले, तेव्हापासून तर जास्तच. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी आधी उलटा प्रश्न करते: असा एखादा प्रोग्राम आहे का, ज्याच्यावाचून तुमचं अडतं? पटकन उत्तर सुचत नाही. मग आपण कॉम्प्युटरवर एरवी काय काय करतो ते आठवायचं. मेल, बँक, व्हिडिओ, फोटो, मुलांचा गृहपाठ, क्वचित एखादं पत्र छापणं. एवढंच असेल तर जवळजवळ सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि फायरफॉक्स काय किंवा क्रोम काय, तिन्हीकडे सारखेच चालतात. तेव्हा कुठलीही सिस्टीम चालेल. पण त्या यादीत एक जरी अडणारं नाव निघालं, हिशेबाचं सॉफ्टवेअर, फोटोशॉप, मॅक्रो (आपोआप कामं करणाऱ्या सूचना) भरलेली एक्सेलची फाइल, तर निवड तिथेच झाली. फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिस लिनक्सवर ब्राउझरमधूनच वापरावं लागतं. लिब्रेऑफिस हा त्याचा फुकट पर्याय साध्या कागदपत्रांना उत्तम आहे, मात्र दुसऱ्याने वर्डमध्ये केलेली गुंतागुंतीची मांडणी त्यात कधी कधी हलते. वाइन नावाचं सॉफ्टवेअर वापरून विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, पण ज्या कामावर पोट आहे ते मी त्याच्या भरवशावर सोडू देत नाही. आणि घरात गेम खेळणारं कुणी असेल तर त्याला विचारल्याशिवाय काहीही बदलू नका. स्टीम या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ गेम आता लिनक्सवर चालतात, पण फसवणूक रोखणारी यंत्रणा लावलेले काही ऑनलाइन गेम अजिबात चालत नाहीत.

दुसरा प्रश्न मशीनचा. माझा जीव खरा अडकतो तो इथे. विंडोज ११ आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणि येताना अटी घेऊन आलं: टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीची बहुतेक सगळी मशीन बाहेर. त्यांचा कीबोर्ड शाबूत आहे, स्क्रीन स्वच्छ आहे, घरच्या कामाला प्रोसेसर पुरून उरतो. बिघडलेलं काही नाही, फक्त अपडेट थांबलेत. अशी मशीन लोक भंगारात काढायला निघतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं, आणि मी हात धरून थांबवते.

अपडेट थांबणं क्षुल्लक नाही, हेही सांगते. नव्याने सापडलेली प्रत्येक सुरक्षेची फट मग उघडीच राहते, आणि त्याच मशीनवरून तुम्ही बँकेत लॉगिन करता. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली, पण तिच्यासाठी नोंदणी करावी लागते, ती आपोआप मिळत नाही. अटी चुकवून विंडोज ११ बसवण्याच्या युक्त्याही आहेत. पण तशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून दुसऱ्याच्या घरी मी त्या करत नाही.

अशा मशीनसाठी माझं उत्तर ठरलेलं आहे: लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक सोपा प्रकार. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, विंडोजवर सरावलेला माणूस पहिल्या दिवशी हरवत नाही. ते उबंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर उभं आहे, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम कमी असेल तर त्याचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या. मात्र "मशीन फार हळू चालतं" हे कारण असेल तर आधी आत काय आहे ते बघा. जुनी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की जो फरक पडतो, तो नुसती सिस्टीम बदलून पडत नाही.

मिंट लगेच टाकायचीही गरज नाही. पेन ड्राइव्हवर चढवा, त्यावरूनच मशीन सुरू करा, डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टीम वापरून बघता येते. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे तपासा. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर बरेचदा चालत नाही. प्रिंटर नेटवर्कवरचा आणि अलीकडचा असेल तर बहुधा आपोआप सापडतो. जुना यूएसबीवाला मात्र आधी जोडून एक पान छापूनच बघा.

मॅकचं थोडक्यात. मॅकओएस अॅपलच्याच मशीनवर चालतं, तेव्हा मॅक घ्यायचा म्हणजे वेगळं मशीनच घ्यायचं. मशीन उत्तम असतात, बॅटरी टिकते. फक्त स्वस्तात मिळतो म्हणून जुना इंटेलचा मॅक घेऊ नका. मॅकओएसची २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती. आणि क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेणार असाल तर त्या मॉडेलचे अपडेट कुठल्या तारखेपर्यंत आहेत ते आधी शोधा. ती मुदत तुम्ही विकत घेता त्या दिवसापासून मोजत नाहीत.

मराठी टायपिंगची काळजी नको, इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड सगळीकडे आहे. युनिकोड (सगळ्या मशीनवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमधल्या जुन्या फाइली असतील तर तेवढ्या आधी युनिकोडमध्ये करून घ्या.

एक गोष्ट मला कुणीच विचारत नाही: अडलं तर मदतीला कोण येणार? आईवडिलांच्या मशीनवर काय टाकायचं, हे मी याच प्रश्नावर ठरवते. फोनवरून मदत करणाऱ्या मुलीला फक्त विंडोज येत असेल आणि मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, तर मिंट मला कितीही प्रिय असलं तरी तिथे मी विंडोजच ठेवते. स्क्रीनवर काय दिसतंय हे न पाहता "आता डावीकडे वर बघा" असं सांगता येणं, त्या घरात याहून मोठा गुण नाही.

बदलायचं नक्की ठरलं, तर सुरुवात करण्यापूर्वी दोन कामं. बऱ्याच नव्या विंडोज मशीनवर डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, झालेली असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ती कागदावर उतरवून ठेवा. आणि सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉपी पूर्ण झाल्याचा संदेश आला तरी दुसऱ्या मशीनवर त्यातले काही फोटो आणि कागदपत्रं उघडून बघा, मगच जुनी डिस्क पुसा.