गोल गोल फिरणारा तळ

आमच्या कंपनीत पाण्याखालच्या कॅमेऱ्याची चाचणी एका निळ्या टाकीत होते. पाणी नळाचं, खोलीत हीटर, आणि मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. झाकणाखालची रबरी रिंग पाणी अडवते की नाही, ते बघणं माझं काम. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की हवेच्या दाबाएवढा आणखी एक दाब वर बसतो. टाकीत आम्ही त्याच्या तिप्पट देऊन पाहिला होता. कॅमेरा पास झाला, मी खूश.

मग जानेवारीत एका सकाळी तोच कॅमेरा घेऊन अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून उत्तरेला, गोठलेल्या मिल लॅक्स तळ्यावर गेलो. उणे 24 अंश. बरोबर आमचा मेकॅनिकल इंजिनियर, याच भागात वाढलेला. त्याने पिकअप सरळ तळ्यावर घातली. काचेसारखा पक्का बर्फ असेल तर माणसाला चालायला 4 इंच पुरतो, पिकअपला फुटाच्या वर लागतो. आम्ही मोजला तेव्हा दीड फूट भरला. तरीही मधेच बर्फ आतून हंबरला तेव्हा मी दाराचं हँडल घट्ट धरलं. थंडीत बर्फ ताणला जातो, आवाज करतो, बुडत नाही, असं तो म्हणाला. हँडल मी काही सोडलं नाही.

आमच्याकडे मालवणला गरी टाकून मासे धरण्याला गरवणे म्हणतात. इथे गरवायच्या आधी सुतारकाम. मोटरच्या गिरमिटाने आठ इंची दोन भोकं पाडली. एक गरीसाठी, दुसरं चार फुटांवर कॅमेऱ्यासाठी. जवळ पाडलं तर मासा लागल्यावर दोरी केबलभोवती गुंडाळते. भोकातला बर्फाचा लगदा झाऱ्याने काढायचा. हा झारा बुंदीच्या झाऱ्याचा थोरला भाऊ. वर तंबू ताणला, छोटा हीटर लावला, वारा यायला एक झडप उघडी ठेवली.

कॅमेरा 28 फुटांवर सोडला आणि पडद्यावर तळ्याचा तळ गोल फिरायला लागला. वाळू, शिंपल्यांचा ढीग, वाळू, शिंपल्यांचा ढीग. हे झेब्रा शिंपले 2005 पासून या तळ्यात आहेत. पाणी गाळून खातात, म्हणून पाणी पूर्वीपेक्षा नितळ झालंय. आमच्या फायद्याची गोष्ट, पण चित्र थांबेल तर ना! अर्धा फेरा एका बाजूला, मग उलटा. दोन मिनिटांत मला मळमळायला लागलं.

दोष केबलचा होता. तिच्यावरचं पीव्हीसी प्लॅस्टिक गारठून ताठ झालं होतं आणि रिळावरचा वेटोळ्यांचा आकार सोडायला तयार नव्हतं. टाकीत 20 अंशांच्या पाण्यात ती शेवयांसारखी मऊ होती, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग कॅमेरा वर काढला, सगळी केबल तंबूत हीटरजवळ पसरली, हाताने पीळ काढला. परत सोडल्यावर झाऱ्याचा दांडा भोकावर आडवा टाकून केबल त्याला बांधली. फिरणं थांबलं.

आता चित्र धुरकट. तूप थिजावं तसं पडदाभर पांढुरकं. माझ्या पोटात गोळा आला. हा आतला दमट वाफारा, म्हणजे रिंग गळतेय, म्हणजे माझीच रिंग. कॅमेरा पुन्हा वर ओढायला हात घातला, तर इंजिनियर म्हणाला, "ओढू नकोस. ओढल्यामुळेच झालंय. कॉफी पी."

झालं होतं असं, की केबल पसरण्याच्या भानगडीत ओला कॅमेरा मी तंबूबाहेर बर्फावर ठेवला होता. उणे 24 मध्ये काचेवर पाण्याचा पापुद्रा गोठला. तळाशी पाणी शून्याच्या थोडं वर असतं, कारण चार अंशांचं पाणी सगळ्यांत जड, ते खाली बसतं. त्या उबेत, तिला ऊब म्हणायचं तर, पापुद्रा सुटायला वेळ लागतो. दहा-बारा मिनिटांनी कडेने चित्र उघडत आलं. आधी एक शिंपला, मग आमची गरी, तिला लावलेली छोटी मासळी. लाल मणी मात्र काळा दिसत होता. पाणी लाल रंग आधी गिळतं.

पाच-सहा पर्च, म्हणजे इथले छोटे मासे, येऊन हुंगून गेले. मग उजवीकडून एक वॉलआय आला, ज्याच्यासाठी लोक इथे गरवायला येतात तो मोठा मासा. घाई नाही, कल्ला नाही. आमिषापासून चार बोटांवर थांबला, कल्ले तेवढे हलत होते. आता, आता करत मी श्वास धरून बसलो. जास्त स्पष्ट दिसावा म्हणून मी कॅमेऱ्याचे पांढरे दिवे लावले. क्षणभर दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे चमकले, पाण्यातला गाळ बर्फासारखा उजळला, आणि मासा गेला. सहकारी माझ्याकडे नुसता बघत राहिला. ते बोलण्यापेक्षा वाईट.

बाकी दिवसात एक पर्च मिळाला. बॅटरी दुपारीच अर्ध्यावर आली. पडदा इतका मंदावला की माशाची शेपटी माशाच्या मागून यायची.

रात्री त्या वॉलआयचा व्हिडिओ बाबांना पाठवला. उत्तर आलं, "इतको जवळ इललो मासो आणि तू दिवो लावलंस?"

सोमवारी अहवालात लिहिलं: रिंग गळत नाही, ओला कॅमेरा हवेत ठेवू नये, ही सूचना पुस्तिकेत घालावी, दिवे आपोआप लागू नयेत, केबलला पॉलियुरेथेनचं वेष्टण हवं, ते थंडीत मऊ राहतं. खरेदीवाल्याने किंमत पाहिली आणि मान हलवली. जुनी केबल मी आदल्या रात्री फ्रीजरमध्ये टाकून ठेवली होती. ती आणून त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. वेटोळं हात न लावता उभं राहिलं. त्याने चहाचा कप जरा बाजूला घेतला आणि विचारलं, "किती मीटर लागेल?"