मोराचा तुरा कुठे बसवायचा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका चादर कारखानदाराचं ॲप तयार होतं. आयकॉनही कुणीतरी बाहेरगावाहून करून दिलेला. शेठनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला, "तुराच कापलाय बघा मोराचा." खरंच कापला होता. मोर चौकोनात काठोकाठ बसवलेला आणि शेठच्या मोबाईलवर सगळे आयकॉन गोल.

2017 च्या अँड्रॉइड 8 पासून आयकॉनचा बाहेरचा आकार फोन ठरवतो. कुठे गोल, कुठे कोपरे गोलावलेला चौकोन. आपण 108 बाय 108 डीपीचे (डीपी म्हणजे फोनच्या पडद्यावर मोजायचं एकक) पुढचा आणि मागचा असे दोन थर द्यायचे. दिसतो तो मधला 72 चा भाग. कुठल्याही आकारात शाबूत राहील अशी खात्री फक्त मधल्या 66 डीपी व्यासाच्या वर्तुळाची. तुरा नेमका त्याबाहेर.

शेठचं म्हणणं, तुरा आत घ्या, पण मोर शेजारच्या आयकॉनांपुढे लहान दिसायला नको. मागणी रास्तच होती. मी गूगलच्या मटेरियल डिझाईन या नियमावलीतला, आयकॉन आखायचा ग्रिड उघडला. 24 च्या चौकटीत चौरस 18 चा, वर्तुळ 20 चं, उभा आयत 16 बाय 20. क्षेत्रफळं काढली तर 324, सुमारे 314 आणि 320! म्हणून तिन्ही शेजारी ठेवले की नजरेला सारखेच भरतात. वर्तुळही 18 चंच घेतलं तर क्षेत्रफळ 254 वर येतं आणि ते लगेच खुजं दिसतं. सुवर्ण गुणोत्तराची वर्तुळं रेखून दाखवणारे पुष्कळ भेटतात. मला हा साधा हिशेब जास्त मोलाचा वाटतो.

जेकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणायच्या यंत्राचं, डिझाईन काढणारे मास्तर मागे उभं राहून ऐकत होते. "आमचा ग्राफ तरी कुठं चौरस असतोय ओ?" म्हणत त्यांनी कपाटातून एक जुना कागद काढला. लाल रंगानं एकेक घर भरत वर चढलेली मोराची मान, कडेला पेन्सिलीच्या खुणा. घरं अरुंद आणि उभट, एक घर म्हणजे एक उभा आणि एक आडवा धागा. त्या चादरीत इंचाला उभे धागे जास्त, आडवे कमी. चौरस घरांवर गोल काढला असता तर कापडावर तो लांबट उतरला असता. म्हणून प्रमाण कागदातच धरलेलं.

मग त्यांनीच तोडगा सांगितला, "पिसारा कापला तर चालतंय, डोकं नको." तसंच केलं. मान आणि तुरा 66 च्या आत, पिसारा मागच्या थरात पार 108 च्या कडेपर्यंत. फोननं कसाही कातरला तरी मोर मोठाच वाटतो.

पिसाऱ्यातले डोळे मात्र मी तीनच ठेवले, कारण लहान आकारात बाकीच्यांचे नुसते ठिपके होत होते. शेठना ते अजून कमी वाटतात. त्यांच्या चादरीवर पिसारा भरगच्च असतो, त्यामुळे त्यांचंही बरोबर आहे. पण तीनावर चौथा मी चढवू दिलेला नाही.